पितो एक, भोगते सारे घर

"आपल्यात दारू नाही," असे आपण अभिमानाने म्हणतो. निकाह असो, वलीमा असो की ईद, आपल्या दस्तरख्वानावर दारू येत नाही. ही अल्लाहची मोठी मेहेरबानी आहे. इतरांच्या तुलनेत आपल्या समाजात पिणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे, हेही खरे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार, लांब पल्ल्याचा ट्रकचालक, गॅरेजमधला पोरगा, कंपनीच्या पार्टीत "एकाच ग्लासाने काय होते" म्हणून सुरुवात करणारा शिकलेला तरुण, असे लोक आपल्या मोहल्ल्यातही आहेत. फरक एवढाच की आपल्याकडे हे सारे दाराआड घडते. जे हराम आहे ते घरात घडते आहे, हे कोणाला सांगणार? मग बायको गप्प बसते, आई गप्प बसते, लेकरे गप्प बसायला शिकतात आणि या गप्प बसण्याच्या आड आजार वाढत राहतो.

दारूने यकृत खराब होते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. या लेखात आपण दारूने माणसाच्या मनाचे आणि त्याच्याभोवतीच्या नात्यांचे काय होते ते पाहू. यकृत एकाचे जाते. मनावरचे घाव मात्र साऱ्या घराला होतात.

बुद्धीवर पडदा

अरबी भाषेत दारूला 'खम्र' म्हणतात. ज्या मूळ धातूपासून हा शब्द आला, त्याच धातूपासून 'खिमार', म्हणजे डोके झाकण्याची ओढणी, हा शब्दही आला आहे. झाकणे, आच्छादणे हा त्याचा अर्थ. हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून खम्रची व्याख्या केली ती हीच, की जे बुद्धीला झाकून टाकते ते खम्र. द्राक्षांची असो, खजुराची असो, मोहाची असो वा कारखान्यातली, नाव कोणतेही असले तरी काम एकच.

आजचे वैद्यकशास्त्र हेच आपल्या भाषेत सांगते. दारू पिऊन माणसाला जोर येतो, असा समज आहे. प्रत्यक्षात दारू मेंदूला उत्तेजन देत नाही, ती मेंदूला मंद करते. मेंदूचा कपाळामागचा भाग आपल्याला आवरण्याचे काम करतो. काय बोलावे, काय बोलू नये, हात कुठे थांबवावा, उद्या याचा काय परिणाम होईल, हा विचार तिथे होतो. दारूचा अंमल आधी या पहारेकऱ्यावर होतो. पहारेकरी पेंगला की मनात दडलेला राग, संशय, वासना मोकाट सुटतात. त्यालाच लोक "जोर आला" म्हणतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी समजून घ्यावी. फार प्यायल्यावर मेंदू त्या वेळच्या आठवणी साठवूच शकत नाही. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण सकाळी त्याला काही आठवत नाही. रात्री ताट भिरकावणारा सकाळी "मी असे केलेच नाही" म्हणतो तेव्हा तो नेहमी खोटे बोलत असतो असे नाही. पण ज्याच्या अंगावर ते ताट आले, त्याला तर सारे आठवत असते. एका घरात दोन माणसांच्या दोन वेगळ्या रात्री झालेल्या असतात आणि दोघांमधला विश्वास तिथूनच तुटू लागतो.

मौजेपासून मजबुरीपर्यंत

कोणीही दारुडा व्हायचे ठरवून पहिला घोट घेत नाही. कोणी मित्रांच्या आग्रहाने घेतो, कोणी अंगदुखी जावी म्हणून, कोणी धंद्यातले नुकसान विसरायला, कोणी झोप यावी म्हणून. सुरुवातीला थोडीशी पुरते. मग मेंदूला सवय होते आणि तेवढ्याच नशेसाठी जास्त लागते. पुढे अशी वेळ येते की माणूस मजेसाठी पीत नाही, न पिण्याचा त्रास टाळण्यासाठी पितो. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, चिडचिड होते. एक घोट घेतला की हात स्थिर होतो. इथे सवय संपली आणि आजार सुरू झाला, असे समजावे.

ज्या दुःखाला पळवण्यासाठी दारू घेतली, तेच दुःख ती दामदुपटीने परत करते. दारूने झोप लवकर येते, पण ती तुटक असते आणि माणूस थकलेलाच उठतो. चिंता रात्रीपुरती दबते आणि सकाळी अधिक मोठी होऊन समोर उभी राहते. दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये नैराश्य अधिक आढळते आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो. काहींच्या मनात संशयाचे भूत शिरते. पत्नीवर पाळत ठेवणे, तिचा फोन तपासणे, ती दूधवाल्याशी बोलली तरी आरोप करणे, हा केवळ दुष्टपणा नसतो, अनेकदा तो दारूने बिघडलेल्या मनाचा आजार असतो. जेवणाकडे दुर्लक्ष झाल्याने बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन काहींची स्मरणशक्ती कायमची जाते.

आपण व्यसनाच्या किती जवळ आहोत हे ओळखण्यासाठी डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. दारू कमी करायला हवी, असे तुम्हाला कधी वाटले आहे का? कोणी पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का? यातील दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तर डॉक्टरांना भेटण्याची वेळ आली आहे. प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यायचे आहे, मोहल्ल्याला नाही.

घराची संध्याकाळ

ज्या घरात पिणारा आहे, त्या घराची संध्याकाळ वेगळी असते. मगरिबची अजान झाली की इतर घरांत दिवे लागतात, या घरात कान लागतात. जिन्यावरची पावले कशी वाजतात, गाडीचे स्टँड कसे लागते, दाराची कडी किती वेळा वाजते, यावरून त्या घरची बाई ओळखते की आजची रात्र कशी जाणार. वर्षानुवर्षे अशा धास्तीत राहिलेल्या स्त्रीचे शरीरही बोलू लागते. डोकेदुखी, छातीत धडधड, अपचन, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन ती दवाखान्यात जाते. गोळ्या घेऊन परत येते. खरे कारण ती सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे या दाराआडचे चित्र उघडे करतात. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात असे दिसले, की ज्या स्त्रियांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. ज्यांचे पती पीत नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण एक-चतुर्थांशाहून कमी आहे. न पिणारे सगळेच सज्जन असतात असे नाही आणि "प्यायला होता म्हणून मारले" ही सबबही मान्य करता येणार नाही. पण दारू घरात आली की हिंसेला दार उघडे मिळते, हे या आकड्यांवरून स्पष्ट आहे.

पैशाचा हिशेब तर कोणतीही गृहिणी मांडू शकते. रोजचे दीडशे रुपये गेले तर महिन्याचे साडेचार हजार होतात आणि वर्षाचे ५४ हजार. मुलीची कॉलेजची फी, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, छपराची दुरुस्ती, सारे त्यात बुडते. भिशीचे पैसे जातात, मग मेहेरमध्ये मिळालेला दागिना गहाण पडतो. दारूची किंमत बाटलीवर छापलेली असते त्याहून किती तरी मोठी असते.

आणि तरीही ही बाई पांघरूण घालत राहते. मालकाचा फोन आला की "त्यांना ताप आहे" म्हणते. दुकानदाराची उधारी गुपचूप फेडते. सासरच्यांना कळू नये, माहेरच्यांना तर मुळीच कळू नये, म्हणून हसून बोलते. तिचा हेतू घर वाचवण्याचा असतो. परिणाम मात्र असा होतो की पिणाऱ्याला आपल्या पिण्याची झळ कधी लागतच नाही. त्याची प्रत्येक चूक कोणी तरी निस्तरते, मग त्याने सोडावी तरी कशाला?

लेकरांच्या मनावरचे वळ

अशा घरातली मुले लवकर मोठी होतात, पण त्यांचे बालपण पूर्ण होत नाही. थोरली मुलगी दहाव्या वर्षी धाकट्यांची आई बनते. ती अभ्यासात हुशार असते, शिक्षक कौतुक करतात, पण आतून तिला वाटत असते की मी थोडी जरी चुकले तर घर कोसळेल. दुसरे एखादे मूल बंडखोर होते, शाळेत मारामाऱ्या करते. तिसरे कोपऱ्यात बसून गप्प होते, त्याची कोणाला आठवणही राहत नाही. चौथे नकला करून सर्वांना हसवते, कारण घर हसत असले की अब्बा ओरडत नाहीत, हे त्याला कळलेले असते.

या सर्वांनी एक धडा न शिकवता गिरवलेला असतो. घरातले बाहेर सांगायचे नाही. मित्राला घरी बोलवायचे नाही. आज दिलेले वचन उद्या पाळले जाईल, असे समजायचे नाही. ज्या मुलाचा आपल्याच बापाच्या शब्दावर विश्वास उरत नाही, त्याने पुढे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? अनेक मुले मनात म्हणतात, "अब्बा माझ्यामुळेच पितात." हे ओझे त्यांच्या डोक्यावरून उतरवणे हे मोठ्यांचे पहिले काम आहे. त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे, की अब्बा आजारी आहेत, यात तुझा काही दोष नाही.

व्यसनाच्या धोक्यात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा असतो, असे संशोधक मानतात. म्हणजे व्यसनी बापाचा मुलगा व्यसनी होणारच, असे नाही. परंतु त्याने पहिल्या घोटापासून इतरांपेक्षा अधिक दूर राहायला हवे. शिवाय मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळ्या वयात सुरू झालेली दारू अधिक खोल रुजते. आपल्या पोरांना आपण 'हराम' हा शब्द लहानपणीच शिकवतो. त्यासोबत हे कारणही शिकवले, तर मित्राच्या आग्रहापुढे उभे राहायला त्यांना बळ मिळेल.

इज्जतीच्या भीतीने वाया गेलेली वर्षे

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना तिचा अपाय होतो आहे किंवा ते तिच्या आहारी गेले आहेत आणि त्यांना मदतीची गरज आहे. पण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो. बाकीचे ३७ जण आपापल्या घरात आहेत. आपल्या समाजात लाजेची भिंत अधिक उंच, म्हणून आपल्याकडचा रोगी डॉक्टरपर्यंत आणखी उशिरा पोहोचतो.

या लपवाछपवीचे सर्वांत क्रूर रूप निकाहच्या वेळी दिसते. "लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल," असे म्हणून व्यसनी मुलाला औषध म्हणून एक मुलगी दिली जाते. मुलीकडच्यांना विचारले की "कधी मधी मित्रांत बसतो" एवढेच सांगितले जाते. पत्नी हा व्यसनावरचा उपचार नव्हे. एका आजारी माणसाच्या हाती एका निरोगी मुलीचे आयुष्य देणे हा जुलूम आहे आणि दोष लपवून केलेला व्यवहार आपला दीन बाजारातल्या मालाबाबतही मान्य करत नाही. मुलीच्या बापाने पगार आणि घर विचारण्याआधी ही चौकशी करावी आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी खरे ते सांगावे. स्थळाची चौकशी करणाऱ्याला खरे सांगणे ही चुगली नव्हे, ती अमानत आहे.

इथे एक शंका येईल. दुसऱ्याचे दोष झाकावेत, अशी शिकवण आपल्याला आहे, मग हे उघड कसे करावे? दोष झाकणे म्हणजे चौकात चर्चा न करणे, कोणाची फजिती न करणे. डॉक्टरांपासून आजार लपवणे, मार खाणाऱ्या बाईला गप्प बसवणे, म्हणजे दोष झाकणे नव्हे. जखम लोकांपासून झाकावी, वैद्यापासून नाही.

लपून पिणाऱ्याला आणखी एक धोका असतो. तो स्वस्त आणि चोरट्या मालाकडे वळतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले होते आणि एका रात्रीत कित्येक घरांतला कमावता हात गेला.

मदीनेतली ती घोषणा

इस्लामने दारूबंदी एका दिवसात केली नाही. प्रथम सूरह अल-बकराहमध्ये सांगितले गेले, की तिच्यात काही लाभ असला तरी तिचा अपराध लाभाहून मोठा आहे. मग सूरह अन-निसामध्ये नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली. नमाज पाच वेळची, त्यामुळे पिण्याला दिवसभरात फारशी जागाच उरली नाही. मने तयार झाल्यावर सूरह अल-माइदाहमध्ये पूर्ण बंदी आली. घोषणा झाली तेव्हा हजरत अनस (रजि.) हे हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी लोकांना दारू वाढत होते. ती ओतून देण्यास त्यांना सांगण्यात आले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. हा प्रसंग बुखारी शरीफमध्ये आहे.

अल-माइदाहच्या त्या आयतींत बंदीची कारणे कोणती सांगितली आहेत, तेही पाहावे. यकृताचा वा पोटाचा उल्लेख तिथे नाही. दारू आणि जुगाराच्या मार्गाने शैतान माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरतो आणि त्यांना अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो, असे तिथे सांगितले आहे. एक कारण समाजाचे, दुसरे मनाचे. नाती तुटतात आणि माणूस स्वतःच्या अंतरंगापासून तुटतो. वर आपण ज्या घराचे वर्णन केले, तिथे नेमके हेच घडत असते.

पण पिणाऱ्याशी कसे वागावे, हेही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आणि तो भाग आपण विसरतो. अब्दुल्लाह नावाचे एक सहाबी होते. ते प्रेषितांना हसवत असत. दारू प्यायल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती, तरी ते पुन्हा त्याच अपराधासाठी आणले गेले. जमलेल्यांपैकी एकाने त्यांना शाप दिला, की हा किती वेळा यासाठी आणला जातो! प्रेषितांनी त्याला रोखले. याला शाप देऊ नका, याचे अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे, असे त्यांनी बजावले. अशाच दुसऱ्या प्रसंगी, आपल्या भावाविरुद्ध शैतानाला मदत करू नका, असेही त्यांनी सांगितले. कृत्याला शिक्षा होती, पण माणसाला नात्यातून काढून टाकले नव्हते.

आपण काय करतो? त्याच्याशी सलाम-दुआ तोडतो. तो मशिदीत आला तर कपाळाला आठ्या घालतो. "तुझी चाळीस दिवसांची नमाज कबूल नाही," असे तोंडावर सुनावतो. मग तोही म्हणतो, "कबूलच नाही तर जाऊ कशाला?" त्या हदीसचा अर्थ उलगडताना विद्वानांनी स्पष्ट केले आहे, की पुण्य गमावले तरी नमाजचे कर्तव्य संपत नाही. जे वचन माणसाला सावध करण्यासाठी आहे, ते त्याला मशिदीबाहेर हाकलण्यासाठी वापरू नये.

शपथ पुरत नाही, उपचार लागतात

घरात कडेलोट झाला की वडीलधारे जमतात. पिणाऱ्याचा हात कुरआनवर ठेवून शपथ घेतली जाते. तो रडतो, त्या क्षणी त्याचे रडणे खरेही असते. चार-आठ दिवस जातात आणि शपथ मोडते. आता दारूसोबत शपथ मोडल्याचा अपराधही मनात बसतो आणि तो विसरायला तो आणखी पितो. इच्छाशक्तीवर सारा भार टाकून आपण त्याला पुन्हा पुन्हा हरवतो.

दारूचा औषध म्हणून वापर करण्याबद्दल एकाने विचारले, तेव्हा ते औषध नसून रोग आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. मग ज्याला हा रोग जडला त्याला तौबाही हवी आणि वैद्यही हवा. या दोहोंत भांडण नाही. ताप आलेल्याला आपण दुआही देतो आणि औषधही.

रमजानबद्दल इथे आवर्जून सांगायला हवे. अनेक पिणारे रमजानमध्ये एक थेंब घेत नाहीत आणि चाँदरात्रीला पुन्हा सुरू करतात. "महिनाभर सोडली, म्हणजे मी व्यसनी नाही," असे ते सांगतात. महिनाभर सोडता आली ही आशेची गोष्ट आहे, पण परत तिकडेच वळावे लागले हे आजाराचे लक्षण आहे. जे रोज भरपूर पितात त्यांनी तर अचानक सोडणे धोक्याचे असते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, काहींना फिट येतात. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, भान हरपते, ताप चढतो आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. लोक याला "बाहेरची बाधा" समजून झाडफूक करत बसतात. अशा वेळी थेट रुग्णालयात न्यावे. ज्याला रमजानमध्ये सोडायची आहे, त्याने शाबानमध्येच डॉक्टरांना भेटावे. योग्य औषधांनी हे दिवस सुखरूप पार पडतात आणि रमजानची शिस्त, जागरण, तरावीहची सोबत त्याच्या मदतीला उभी राहते.

"न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींची पुडी चहातून देणे टाळावे. अशा पुडीत काय असते ते कळत नाही आणि काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब घसरून जीव धोक्यात येतो. त्याला फसवून बरे करता येत नाही.

उपचाराच्या वाटा आपल्या जवळच आहेत. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये राज्यभरातून रुग्ण येतात आणि तिथे पत्नींसाठीही स्वतंत्र गट चालतो, कारण आजारी सारे घर असते. 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या सभा महाराष्ट्रातील अनेक शहरांत होतात. तिथे फी नसते, पूर्ण नाव-गाव विचारले जात नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन'चे गट आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हे सरकारी क्रमांक घरबसल्या लावता येतात.

बरे होऊन पुन्हा घसरणे हा या आजाराचा भाग आहे. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण रुग्णाला टाकून देत नाही. इथेही धीर हवा.

घराने आणि मशिदीने काय करावे?

घरच्यांनी नशेत असलेल्याशी वाद घालू नये. सकाळी, तो शुद्धीत असताना, शांतपणे आणि नेमके बोलावे. काल काय घडले, लेकरे कशी घाबरली, हे सांगावे. मालकाला खोटे निरोप देणे आणि उधाऱ्या फेडणे थांबवावे. एखादा भाऊ, मेहुणा किंवा ज्यांचा तो मान राखतो असे बुजुर्ग सोबत घ्यावेत आणि दवाखान्याची तारीख ठरवूनच बैठक संपवावी.

बहिणींनो, सब्र म्हणजे मार खाणे नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे आणि राहत्या घरातून कोणी तुम्हाला हुसकावू शकत नाही, असा हक्क तो देतो. १८१ हा महिला मदत क्रमांक मुलांनाही पाठ करून द्या. तुम्ही आधी सुरक्षित राहिलात, तरच कोणाला वाचवू शकाल. वस्तीतल्या दारूच्या दुकानाविरुद्ध 'आडव्या बाटली'साठी महिलांचे मतदान होत असेल, तर शेजारच्या सर्व भगिनींसोबत तुम्हीही रांगेत उभ्या राहा. या प्रश्नावर सगळ्याच आयांचे दुःख एक आहे.

मशिदीच्या विश्वस्तांनी आणि इमामसाहेबांनी वर्षातून एकदा तरी जुम्याच्या खुतब्यात या विषयाची वैद्यकीय बाजूही सांगावी. एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला मोहल्ल्यात बोलवावे. जकात आणि सदक्यातून ज्यांचा हक्क बनतो अशा कुटुंबांच्या उपचाराचा खर्च उचलावा. उपचार घेऊन परतलेल्याला संध्याकाळ रिकामी मिळू नये, म्हणून त्याच्यासोबत मगरिबपासून इशापर्यंत बसणारे दोन भले सोबती नेमून द्यावेत. तीच वेळ त्याला सर्वांत जड जाते.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल इब्ने कसीर यांच्या तफसीरमध्ये एक प्रसंग नोंदवला आहे. शामचा एक माणूस त्यांच्याकडे येत असे. तो दिसेनासा झाला, तेव्हा चौकशीत कळले की तो दारूच्या नादी लागला. हजरत उमर यांनी त्याला पत्र लिहिले. पत्रात अल्लाह अपराध क्षमा करणारा, तौबा स्वीकारणारा आणि कठोर शिक्षा करणाराही आहे, याची आठवण करून दिली आणि आपल्या साथीदारांना त्याच्यासाठी दुआ करायला सांगितले. तो माणूस ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिला आणि रडत रडत त्याने दारू सोडली. एवढ्या मोठ्या राज्याच्या खलीफाला एक माणूस दिसेनासा झाल्याचे लक्षात आले आणि पत्र लिहायला वेळही मिळाला.

आपल्याही सफेतून कोणी दिसेनासा झाला असेल. त्याच्या दारावर थाप मारायला आपल्याला फार लांब जावे लागणार नाही. थाप मारताना हातात फतवा नको, डॉक्टरांचा पत्ता असावा. अल्लाह प्रत्येक घराला या आपत्तीपासून सुरक्षित ठेवो आणि जे तिच्यात सापडले आहेत त्यांना बाहेर काढण्यासाठी आपल्या हातांचा उपयोग करून घेवो. आमीन.